आफ्रिकेची सफारी : ऊस बिलाच्या पैशात परवडते का?



ऊस बिलाचा हप्ता बँकेत जमा झाला की गावात कोण कोण येऊ लागते, हे आम्ही वेगळे सांगायला नको. ट्रॅक्टरवाले येतात, विमावाले येतात, सोयरिकी जुळवणारे येतात. अलीकडे त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. गुळगुळीत कागदावरचे रंगीत पत्रक घेऊन सहलवाले येतात. पत्रकावर सिंहाचा जबडा, मागे तांबडा सूर्य आणि खाली अक्षरे, ‘आफ्रिकन सफारी, आठ दिवस, सात रात्री’. पूर्वी आपल्या भागातला माणूस बाहेर पडायचा तो देवाधर्माला. पंढरीची वारी, तुळजापूर, चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरी आणि फार झाले तर म्हातारपणी काशी. आता पोरे शिकली, कुणी पुण्याला, कुणी दुबईला नोकरीला लागली. तीच म्हणतात, ‘दादा, आयुष्यभर ऊसच बघितला, आता जरा जग बघा.’

यात चुकीचे काही नाही. राबणाऱ्या माणसाने कधीच हौस करू नये, असे आमचे मत नाही. पण गेल्या काही महिन्यांत वाशी, पारगाव, तेरखेडा भागातल्या काही सभासदांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, ‘एवढे पैसे घालून खरंच काही पदरात पडतं का, का नुसतं नाव?’ दुसरे एक वयस्कर सभासद तर सरळ म्हणाले, ‘अहो, तेवढ्या पैशात पाच परसाची इहीर बांधून व्हती की!’ दोघांचेही म्हणणे रास्त आहे. म्हणून या अंकात ठिबक, बेणे, खते बाजूला ठेवून या प्रश्नाचा हिशेब मांडत आहोत.

शब्द परका नाही

आधी एक गमतीची गोष्ट. ‘सफारी’ हा शब्द पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेतला. त्याचा अर्थ प्रवास. तो आला अरबीतल्या ‘सफर’वरून, आणि आपण मराठीत सफर म्हणतो तो शब्दही त्याच मुळाचा. म्हणजे शब्द आपल्या घरचाच, फक्त समुद्रावरून फिरून आला. स्वाहिलीत पैशाला पेसा, गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बिमा म्हणतात. चहा आणि चपाती तर जशीच्या तशी आहे. व्यापारी आणि मजूर शेकडो वर्षे त्या किनाऱ्याला जात-येत होते, त्याची ही खूण. इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून आत रेल्वे टाकली, तेव्हा हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते. १८९८ साली त्साव्हो नदीवर पूल बांधताना दोन सिंहांनी त्यांतल्या कित्येकांना ओढून नेले. ज्या सिंहांच्या भीतीने आपले मजूर झाडावर झोपत, त्यांचेच वंशज बघायला आज आपण पैसे मोजतो, हा काळाचा महिमा.

दुसरी गोष्ट घरातल्या बायामाणसांना आणि पोरांना सांगून ठेवावी. आफ्रिकेत वाघ नाही. तिथे सिंह आहे, बिबट्या आहे, चित्ता आहे. वाघ आपल्याकडचा. पट्ट्यापट्ट्यांचा वाघ बघायचा म्हणून कुणी आफ्रिकेला निघाला तर फजिती ठरलेली.

आकडा कशाचा बनतो

आपण सगळे काट्यावर वजन करून पावती घेणारी माणसे. तेव्हा सहलीच्या आकड्याचीही फोड करून बघू.

केनियाच्या सात-आठ दिवसांच्या सहलीला माणशी अडीच ते साडेतीन लाखांचे आकडे सांगितले जातात. एवढे पैसे जातात कुठे? विमानाच्या तिकिटात एक मोठा वाटा जातो. मुंबई ते नैरोबी थेट विमान सहा तासांच्या आसपास घेते. म्हणजे वाशीहून एस.टी.ने मुंबई गाठायला जेवढा वेळ लागतो, त्याहूनही कमी. बाकी पैसा राहण्याखाण्यात, जीपगाडीत आणि जंगलाच्या प्रवेश फीत जातो. ही शेवटची फी पत्रकात बारीक अक्षरात असते, पण ती बारीक नसते.

मसाई मारा हे केनियातले सर्वांत नावाजलेले अभयारण्य. तिथे परदेशी पाहुण्याला २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर फी लागू झाली. डॉलरचा भाव रोज वरखाली होतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून ९० रुपये धरू. तीन दिवस तिथे राहिलात तर पहिल्या सहामाहीत माणशी २७ हजार आणि दुसऱ्या सहामाहीत ५४ हजार. खोली नाही, जेवण नाही, ही नुसती आत जायची फी!

टांझानियातल्या सेरेनगेटीत दिवसाची फी करासह ८० डॉलरच्या वर जाते. शेजारच्या गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या कढईसारख्या खोऱ्यात उतरायचे तर गाडीमागे करासह सुमारे ३०० डॉलर वेगळे, म्हणजे २७ हजार रुपये. गाडीत सहा जण असतील तर माणशी साडेचार हजार. नवरा-बायको दोघेच असतील तर माणशी साडेतेरा हजार. जीप, चालक, डिझेल यांचेही असेच. म्हणून सफारीचा पहिला नियम असा की गाडी भरून जावे. ऊस वाहतुकीत अर्धी ट्रॉली भरून कुणी पाठवते का? तसेच हे.

आता हाच आकडा उसात मोजू. २०२५-२६ हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. जाहीर केली. उतारा साडेनऊ टक्के किंवा त्याखाली असेल तर ती ३,२९० रुपयांच्या घरात येते. तोडणी-वाहतूक वजा जाता हाती टनाला अडीच हजार पडतात असे हिशेबाला धरू. नवरा-बायकोची सहल सहा लाखांची धरली तर झाला २४० टन ऊस. एकरी ४० टन सरासरी धरली तर सहा एकरांचा अख्खा ऊस, आणि त्यातून बेणे, खत, मजुरी, वीज अजून वजा केलेली नाही. जुलैऐवजी जूनमध्ये गेल्याने दोघांची जी ५४ हजारांची प्रवेश फी वाचते, तीच एकवीस-बावीस टनांची आहे. हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवूनच पुढचे वाचावे.

बदल्यात मिळते काय

नुसती किंमत सांगून थांबलो तर ते एका बाजूचे बोलणे होईल. मोबदला काय मिळतो तेही सांगितले पाहिजे.

सेरेनगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचे आहे. आपला धाराशिव जिल्हा सगळा मिळून त्याच्या निम्म्याच्या आसपास भरेल. या उद्यानात आणि त्याला लागून असलेल्या मसाई मारात सुमारे तेरा लाख वाइल्डबीस्ट, म्हणजे दाढीवाली, वाकड्या शिंगांची, हरणाच्या कुळातली जनावरे, पाण्याच्या आणि गवताच्या मागे वर्षभर गोल फिरत असतात. सोबत झेब्रे असतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर ती मारात असतात आणि मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. जानेवारी-फेब्रुवारीत ती सेरेनगेटीच्या दक्षिणेला वितात. ज्या माणसाने दुष्काळात दावणीची जनावरे छावणीला नेली आहेत, त्याला चाऱ्यासाठी निघालेला तो लाखांचा कळप बघून काय वाटेल, हे शहरातल्या पर्यटकाला सांगून कळायचे नाही.

दुसरा फायदा नजरेचा. आपल्याकडचे जंगल दाट. वाघ दहा फुटांवर असेल तरी बांबूच्या बेटात दिसत नाही. तिकडे मोकळे माळरान. सिंह, हत्ती, जिराफ, रानरेडे, तरस लांबूनच दिसतात. तीन दिवस राहिलेल्या माणसाला सिंह दिसला नाही, असे तिथे क्वचितच घडते. म्हणजे दिलेल्या पैशाला माल मिळायची खात्री आपल्या जंगलांपेक्षा तिथे जास्त. हे कबूल केले पाहिजे.

मात्र आठ दिवसांच्या सहलीत आठही दिवस जनावरे बघायला मिळतात, असे समजू नये. येणे-जाणे, नैरोबीतला मुक्काम, एका अभयारण्यातून दुसऱ्यात जाण्याचा पाच-सहा तासांचा खडखडाट हे सगळे वजा केले, तर प्रत्यक्ष जंगलातल्या फेऱ्या सहा-सातच भरतात. सहलीच्या एकूण पैशाला फेऱ्यांच्या संख्येने भागावे. मग एक फेरी कितीला पडली ते कळते. तीन लाखांत सहा फेऱ्या म्हणजे फेरीला पन्नास हजार. चार ठिकाणांची नावे लिहिलेल्या पत्रकापेक्षा दोनच ठिकाणी मुक्काम देणारे पत्रक बहुधा फायद्याचे ठरते, ते यामुळे. ठिकाणे वाढली की चाके फिरतात, जनावरे दिसत नाहीत.

उसाला लागून जंगल

ज्यांना जायचेच आहे त्यांनी केनियाबरोबर दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानाचाही विचार करावा. हे उद्यान सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचे आहे आणि १९२६ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. परदेशी माणसाला दिवसाची फी पाचशे-सहाशे रँडच्या घरात, म्हणजे आपले तीन हजारांच्या आसपास. माराच्या फीशी ताडून बघा. आत डांबरी रस्ते आहेत. भाड्याची साधी मोटार घेऊन स्वतः फिरता येते आणि वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. सरकारी विश्रामगृहांत स्वयंपाकाची सोय असते, त्यामुळे माळकरी मंडळींनाही अडचण नाही. विमानाचा प्रवास मात्र लांबचा आणि तिकीट महाग. चौघांनी मिळून मोटार घेतली तर ते अंतर भरून निघू शकते.

आपल्या दृष्टीने क्रूगरची आणखी एक मौज आहे. उद्यानाच्या दक्षिण हद्दीवर क्रोकोडाइल नदी वाहते आणि नदीच्या अलीकडे, मलेलाने आणि कोमाटीपूर्टच्या बाजूला, ऊसच ऊस. तिथे साखर कारखाने आहेत. म्हणजे एका तीरावर हत्ती आणि दुसऱ्या तीरावर उसाचे फड. केनियातही पश्चिमेकडे ऊस होतो. तिथला मुमियास कारखाना एकेकाळी देशातला सर्वांत मोठा होता. तो कर्जात बुडाला आणि २०१९ साली धनकोंच्या ताब्यात गेला. त्याच्या भरवशावर ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यांचे जे हाल झाले, ते आपल्या मराठवाड्यातल्या सभासदाला समजावून सांगावे लागत नाहीत. सिंह बघून येताना एखादा फड बघून आलात, तर ती सहल नुसती मौजेची राहणार नाही.

मसाई लोकांचा हिशेब

या सगळ्या विषयात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली ती एक वेगळीच गोष्ट. माराच्या भोवतालची पुष्कळ जमीन मसाई लोकांच्या मालकीची आहे. हे गुरे राखणारे लोक. सिंह त्यांच्या गाई मारतो, हत्ती त्यांची कुंपणे मोडतो. मग त्यांनी जनावरे का राहू द्यावीत? यावर तिथे गेल्या वीसेक वर्षांत एक तोड निघाली. शेकडो जमीनधारकांनी आपापले तुकडे एकत्र केले आणि ते पर्यटन तळ चालवणाऱ्यांना भाडेपट्ट्याने दिले. ओलारे मोटोरोगी आणि नाबोइशो ही अशीच क्षेत्रे. तळवाल्यांनी दर महिन्याला एकराच्या हिशेबाने भाडे द्यायचे, गाड्यांच्या संख्येवर मर्यादा ठेवायची आणि मसाईंनी ठरलेल्या काळात आणि ठरलेल्या भागातच गुरे चारायची. वाचताना आपल्याला ओळखीचे वाटले की नाही? एकट्याच्या पाच एकरांना कुणी विचारत नाही, पाचशे जणांचे एकत्र आले की भाव ठरवता येतो. ज्या तत्त्वावर आपला कारखाना उभा आहे, त्याच तत्त्वावर तिथे सिंह उभा आहे.

सगळे गोड आहे असे नाही. २०२० साली कोरोनाने विमाने थांबली, तेव्हा पाहुणे आटले आणि भाडेही अडचणीत आले. एकाच पिकावर अवलंबून राहिल्यावर काय होते, ते त्यांनीही भोगले. पण जायचेच असेल तर सहलवाल्याला एक प्रश्न जरूर विचारावा, ‘आम्ही भरलेल्या पैशातले त्या जमीनवाल्याला किती मिळतात?’ शेतकऱ्याने शेतकऱ्याची चौकशी केलीच पाहिजे.

आपल्या उंबऱ्यावरचा वाघ

हा प्रश्न आता लांबचा राहिलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघाचे छायाचित्र आले, हे आपण सर्वांनी वाचले. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून साडेचारशे किलोमीटरच्या वर चालत तो आपल्या बालाघाटात आला. याआधी २०१९ साली टिपेश्वरचाच एक तरुण वाघ असाच हिंडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. येडशीचे अभयारण्य १९९७ सालचे आणि जेमतेम साडेबावीस चौरस किलोमीटरचे. एका नर वाघाला ते अपुरे पडते. म्हणून तो बार्शीकडे, भूमकडे हिंडू लागला. गुरे मारली गेली. २०२५ मध्ये वन विभागाने त्याला पकडण्यासाठी पथके आणली.

त्या दिवसांत आपल्या भागात काय परिस्थिती होती ते आठवा. वीज रात्रीची, उसाला पाणी रात्रीचे आणि बॅटरी घेऊन बांधावर एकटा माणूस. ऊस डोक्याच्या वर गेलेला. पाचट जरा वाजले की पाय जागीच थिजायचे. जुन्नर भागात तर बिबट्याची मादी उसाच्या फडातच वितेसे झाले आहे. तोडणीवाल्या टोळीला सरीत पिल्ले सापडतात. ज्या जनावराला बघायला शहरातला माणूस तीन लाख खर्च करून सात समुद्र ओलांडतो, तेच जनावर आपल्या बांधावर आले तर आपण मोटार चालू करायला जात नाही. दोघांचेही खरे आहे. फरक एवढाच की बघणाऱ्याचा खर्च पावतीवर असतो आणि राखणाऱ्याचा खर्च कुणी लिहून ठेवत नाही. जनावर दगावले तर वन विभागाकडून भरपाई मिळते. त्यासाठी मेलेले जनावर जागेवरून हलवू नये, लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा, एवढे या निमित्ताने सांगून ठेवतो.

येडशीला उद्या जिप्सीगाड्या फिरतील आणि पैशाचा पूर येईल, अशी स्वप्ने आम्ही दाखवणार नाही. वाट चुकून आलेल्या एका वाघावर पर्यटन उभे राहत नाही. पण ताडोब्याच्या मोहर्ली भागात वाटाडे, गाडीचालक, घरगुती मुक्काम यांतून गावकऱ्यांना रोजगार मिळतो, हे खरे आहे. आणि इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला पुणे वन विभागाने माळरानाची सफारी सुरू केली आहे. लांडगा, खोकड, चिंकारा आपल्याही माळावर आहेत, हे आपल्याला ठाऊकच आहे.

आधी जवळचे बघा

म्हणून आमची पहिली सूचना अशी की आफ्रिकेच्या आधी हे करून बघावे.

वाशीहून तासाभराच्या वाटेवर रामलिंग. श्रावणात धबधबा वाहतो. जटायू इथेच पडला असे लोक सांगतात. वानरे हातातले खोबरे ओढून नेतात. खर्च पेट्रोलचा. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य १९८० सालचे. दोन चौरस किलोमीटरच्या थोडे वर, पण काळवीट हमखास. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. माळढोक आता दिसणे फार दुर्मिळ, पण काळवीट आणि लांडगा भेटतो.

मग ताडोबा. १९५५ सालचे, महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले, त्यांतला मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्यात. एका फेरीची जिप्सी, वाटाड्या, प्रवेश मिळून जे काही हजार होतात, ते सहा जणांत वाटले जातात. गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असते, मंगळवारी सुट्टी असते आणि आरक्षण आधी करावे लागते. वाघ दिसेलच याची हमी नाही. सिंहच बघायचा असेल तर गुजरातेत गीर आहे. राज्यात २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह निघाले. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते बंद असते. दोघांच्या आफ्रिकेच्या खर्चात अख्खे कुटुंब ताडोबा आणि गीर दोन्ही करून येईल आणि वर पैसे उरतील.

चित्त्याचे तर असे आहे की तो आफ्रिकेतूनच इकडे आला. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. इथले मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणत. १९५२ साली भारतातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले गेले.

जायचे ठरलेच तर

इतके सगळे वाचूनही ज्यांचे मन आफ्रिकेकडेच धावते, त्यांनी पुढील गोष्टी पक्क्या कराव्यात.

एक. कर्ज काढून जाऊ नये. पीककर्ज फिटले, मुलांची फी भरली, पुढच्या लागवडीचा पैसा बाजूला ठेवला आणि तरीही उरले, तर जावे. सोन्यावर कर्ज काढून सिंह बघणे हा शहाणपणा नव्हे.

दोन. सहा जणांचा गट आपणच बांधावा. भावकीतले, गटातले. गाडीत किती माणसे आणि प्रत्येकाला खिडकी आहे का, ते लिहून घ्यावे.

तीन. प्रवेश फी, व्हिसा, विमा, चालकाची बक्षिसी आकड्यात धरली आहे का, ते विचारावे. केनियासाठी आता व्हिसाऐवजी आधी संगणकावरून परवानगी घ्यावी लागते. मुक्काम अभयारण्याच्या आत आहे की बाहेर, तेही विचारावे. बाहेर असेल तर सकाळचा सर्वांत चांगला तास फाटकावरच जातो.

चार. केनियाहून परत येणाऱ्याला पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. ही लस मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणच्या सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि निघण्यापूर्वी निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की जन्मभर चालते. दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. म्हणजे आठ दिवसांची सहल चौदा दिवसांची होते. दक्षिण आफ्रिकेला थेट गेल्यास ही लस लागत नाही, पण तिकीट नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर विचारून घ्यावे. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाच. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टी.सी.एस. नावाचा कर आगाऊ कापतात. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो. तो पैसा बुडालेला नसतो. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असले तरी पॅनकार्डावर विवरणपत्र भरले तर कापलेली रक्कम परत मागता येते. आपल्यातले पुष्कळ जण विवरणपत्रच भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात. पावती जपून ठेवावी.

सहा. हंगाम पाहावा. मारात कळप जुलै ते ऑक्टोबर. तेव्हा आपल्याकडे तोडणीचा तगादा नसतो, म्हणजे वेळ सोयीची पण फी दुप्पट. जूनमध्ये फी निम्मी, पण मृगाचा पाऊस आणि सोयाबीनची पेरणी तोंडावर. ज्याला नदी ओलांडणारे कळपच बघायचे आहेत त्याने जास्तीचे पैसे मोजावेत. ज्याला सिंह, हत्ती, जिराफ पुरेत त्याने पहिल्या सहामाहीत घरी माणूस ठेवून जावे.

आमचे मत

तेव्हा सफारीत पैसा वसूल होतो की नाही? आमचे मत असे. चार गावांत नाव व्हावे म्हणून, किंवा शेजारी गेला म्हणून जाणाऱ्याला ती महागच पडेल, कारण फोटो दोन आठवड्यांत शिळे होतात. दोघांनीच स्वतंत्र जीप घेऊन पाच ठिकाणे पळत बघणाऱ्यालाही ती महाग. पण गट करून, दोनच ठिकाणी निवांत राहून, जनावर, गवत, पाणी आणि माणूस यांचे नाते बघायची ज्याची तयारी आहे, त्याला एवढा पैसा एकदा आयुष्यात घालायला हरकत नाही. आणि गुरे राखलेल्या, दुष्काळ काढलेल्या माणसाला ते नाते इतरांपेक्षा चटकन कळते.

आपल्यापैकी जे कोणी आफ्रिकेला किंवा ताडोबा-गीरला जाऊन आले असतील, त्यांनी आपला खर्च बाबवार लिहून जवळच्या गट कार्यालयात द्यावा. नावे न छापता तो हिशेब आम्ही पुढील अंकात सर्वांसाठी देऊ. रामलिंग परिसरात ज्यांच्या शेतात वाघाचा किंवा बिबट्याचा माग दिसेल, त्यांनी मात्र अंकाची वाट न पाहता त्याच दिवशी वनरक्षकाला कळवावे आणि रात्रीच्या पाण्याला एकट्याने जाऊ नये.